सहा फुटी लँडस्केप छापायचाय? कॅमेऱ्याआधी भिंत मोजा

नवीन बंगला झाला, दवाखाना टाकला, हॉटेलचं रिसेप्शन केलं की हल्ली बऱ्याच जणांना समोरच्या भिंतीवर एक भलामोठा लँडस्केप पाहिजे असतो. आपल्या सोलापूरचा सिद्धेश्वर तलाव नाहीतर नळदुर्गचा धबधबा, आणि साइज विचारली की उत्तर एकच, "सहा बाय चार फूट करा की!" मग घरातल्या नाहीतर ओळखीतल्या फोटोवेड्या पोराला फोन जातो आणि पोरगा लगेच यूट्यूब उघडून बसतो की कॅमेरा कुठला घेऊ, चोवीस मेगापिक्सेलमध्ये भागेल का एकसष्टवालाच लागेल. माझं म्हणणं असं की हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी भिंतीसमोर टेप घेऊन उभं राहायचं आणि दोनच गोष्टी मोजायच्या, फोटो किती मोठा होणार आणि माणसं तो किती जवळून बघणार. बाकी सगळं या दोन आकड्यांतून मागे मोजत येता येतं.

कसं ते सांगतो. चांगल्या नजरेच्या माणसाला साधारण एक अंशाचा साठावा भाग एवढा बारकावा वेगळा दिसतो, त्याच्यापेक्षा बारीक असेल ते डोळा एकत्रच करून टाकतो. याचा व्यवहारातला हिशोब एकदम सोपा आहे, ३४३८ या आकड्याला बघण्याच्या अंतराने भागायचं, अंतर इंचात धरायचं, आलेलं उत्तर म्हणजे एका इंचात किती पिक्सेल, म्हणजे फोटोचे बारीक ठिपके, लागतील ते. एक फुटावरून बघायचं असेल तर साधारण २८६, आणि तो जो ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० ठिपके) मंत्र सगळे जपतात तो इथूनच येतो, हातात धरून बघायच्या फोटोचा आकडा आहे तो. दोन फुटांवरून १४३ पुरतात, तीन फुटांवरून ९५. आता आपल्या चौकाचौकातले वाढदिवसाचे वीस फुटी फ्लेक्स घ्या, ते आपण रस्त्यावरून, समजा चाळीस फुटांवरून बघतो, म्हणजे इंचाला फक्त सात पिक्सेल, अख्ख्या वीस फुटाला सतराशे. म्हणून तर कुणाचाही मोबाईल सेल्फी बॅनरवर चालून जातो आणि भाऊ एकदम चकाचक दिसतात.

आता आपल्या सहा बाय चारला लावू. सहा फूट म्हणजे ७२ इंच. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा, म्हणजे इंचाला ८३ पिक्सेल, म्हणजे साडेतीन फुटांवर उभं राहिलं तर डोळ्याला काही कमी वाटणार नाही. निकॉन डी८५० सारखा पंचेचाळीस मेगापिक्सेलवाला घेतला तर ८२५६ पिक्सेल, इंचाला ११५, अडीच फुटांपर्यंत जवळ जाता येतं. सोनीचा एकसष्टवाला ए७आर ४ घेतला तर ९५०४ पिक्सेल, इंचाला १३२, आणि अंतर सव्वादोन फुटांच्या जरा आत. म्हणजे बघा, चोवीसवरून एकसष्टवर जायला लाखांत पैसे मोजले आणि मिळालं काय तर माणूस भिंतीच्या सव्वा फूट आणखी जवळ येऊ शकतो. मेगापिक्सेल हे क्षेत्रफळ असतं, लांबी नाही, लांबीत डबल पाहिजे असेल तर मेगापिक्सेल चौपट लागतात, चोवीसचे शहाण्णव, आणि जाहिरातीत ही गोष्ट कुणी सांगत नाही.

तो सव्वा फूट कधीकधी खरंच लागतो, ते पण मान्य करतो. फोटोग्राफीच्या पुस्तकी नियमाने फोटोच्या कर्णाच्या दीडपट अंतरावरून बघायचं असतं, सहा बाय चारला ते दहा-अकरा फूट होतं, आणि सोफ्यामागच्या भिंतीवर फोटो असेल तर तसंच होतं पण. पण लँडस्केप आपल्या गावाचा असला की कुणी दहा फुटांवर थांबत नाही, फ्रेमला नाक लावून बघतात, "आमची बिल्डिंग दिसते का बघ की, ती टाकी कुठलीय बे". दवाखान्याच्या पॅसेजमध्ये, लिफ्टच्या समोर, जिन्यात फोटो असेल तर तिथं मागे जायला जागाच नसते, तीन-चार फुटांतूनच बघणार. अशा ठिकाणी मी दोन फुटांचा हिशोब धरतो. हॉलमध्ये, सोफ्याच्या वर असेल तर चार फुटांचा, आणि चार फुटांसाठी तुमच्याकडे आत्ता जो कपाटात पडलेला चोवीस मेगापिक्सेलचा डीएसएलआर आहे ना, तो पुरतो.

पुरतो, पण एका अटीवर. ते सगळे पिक्सेल खरे पाहिजेत. फाइल ६००० पिक्सेलची आहे म्हणजे तेवढा तपशील तिच्यात आहे असं होत नाही. लेन्स मऊ असेल, फोकस किंचित चुकला असेल, ट्रायपॉड हलला असेल तर निम्मा तपशील तिथंच गेला, आणि ए४ प्रिंटमध्ये ते कळत पण नाही, सहा फुटांवर मात्र सगळं उघडं पडतं. मोबाईलच्या १०८ नि २०० मेगापिक्सेलचं पण हेच आहे, ते फोन एरवी कित्येक पिक्सेल एकत्र करून बारा-पंधरा मेगापिक्सेलचा फोटो देतात, आणि फुल मोड लावला तरी प्रकाश टिपणाऱ्या नखाएवढ्या सेन्सरसमोरची ती चिमुकली लेन्स तेवढा बारकावा आत सोडतच नाही. बारा बाय अठरा इंचापर्यंत मोबाईल मस्त चालतो, त्याच्यापुढे मी जात नाही.

म्हणून लेन्सचं नीट बोलू, कारण पैसे इथं टाकायचे असतात. लँडस्केप म्हटलं की सगळे पहिली वाइड अँगल घ्यायला पळतात, सोळा नाहीतर दहा एमएमची (एमएमचा आकडा जितका कमी तितकं रुंद दृश्य फ्रेममध्ये येतं), यूट्यूबवर तेच असतं. ते सांगणारे लोक डोंगरात राहतात हो! समोर दगड, मधे नदी, मागे उभा कडा असं असेल तर वाइड लेन्स जादू करते. आपल्याकडे काय आहे, सपाट माळरान. नान्नजच्या माळढोकच्या गवताळ रानात सोळा एमएम लावून बघा, वर निम्मं रिकामं आकाश, खाली गवताचा पट्टा, आणि मधे क्षितिजावर ज्यासाठी गेलो तो काळवीटांचा कळप मुंगीएवढा. सहा फूट छापला तरी त्यात बघायला काही नाही. आपल्या भागात मला ५० ते १०० एमएमच्या लेन्स जास्त कामाला येतात, हिप्परग्याच्या तलावापलीकडची झाडांची रांग, भुईकोटाच्या बुरुजांची एकामागे एक ओळ, माचणूरला भीमेच्या काठावरचं देऊळ, हे सगळं त्या लेन्सने जवळ येतं आणि फ्रेम भरते. वाइडचं खरं काम नळदुर्गला, पावसाळ्यात बोरी नदी भरून नर-मादी धबधबे सुरू झाले की समोर मागे सरकायला जागा नसते तिथं, तेवढ्यासाठी १६-३५ घ्या नाहीतर मित्राची आणा.

आता स्वस्तातली गोष्ट. ५० एमएम एफ १.८ (एफचा आकडा लेन्सच्या छिद्राचा, आकडा मोठा तसं छिद्र लहान) ही बहुतेक कंपन्यांच्या सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एक असते आणि एफ ८ ला ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अशी धारदार होते की तिच्या अनेकपट किमतीच्या झूमला लाज वाटावी. कॅमेरा छोट्या सेन्सरचा असेल, म्हणजे एपीएस-सी, तर तिच्यासोबत ३५ ची घ्या. कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स टाकून द्यायची गरज नाही, फक्त १८ एमएमच्या टोकाला वापरू नका, तिथं कोपरे मार खातात, मधल्या रेंजमध्ये एफ ८ ला ती बऱ्यापैकी काम करते. १८-२०० सारख्या एकाच लेन्समध्ये सगळं देणाऱ्या झूम मात्र मोठ्या प्रिंटसाठी नकोतच. आणि एक जरा वेगळा सल्ला, तुमच्याकडे किंवा मित्राकडे ९० नाहीतर १०० ची मॅक्रो लेन्स असेल तर ती लँडस्केपला लावून बघा, मॅक्रो लेन्स कडेपर्यंत एकसारखी शार्प असावी म्हणूनच बनवलेली असते, फुलपाखरांपुरती ठेवायची काही गरज नाही.

लेन्स नवी घ्या किंवा सेकंडहँड, एक टेस्ट केल्याशिवाय पैसे देऊ नका. बऱ्याच लेन्समध्ये आतली एखादी काच किंचित तिरकी बसलेली असते, मग फोटोची एक बाजू शार्प आणि दुसरी मऊ येते, याला डीसेंटरिंग म्हणतात. सपाट प्रदेशात राहायचा इथं फायदा आहे. सकाळी सकाळी मोकळ्या माळावर कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, लांबचा एखादा मोबाईल टॉवर पकडा, फोकस एकदा सेट करून मग हलवू नका, आणि तोच टॉवर फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत आळीपाळीने आणून चार फोटो घ्या, एकदा लेन्स पूर्ण उघडी ठेवून आणि एकदा एफ ८ ला. चारही कोपरे सारखे असतील तर लेन्स चांगली, थोडे मऊ असले तरी सारखे असले की चालतं. एक कोपरा वेगळाच भुरकट असेल तर दुकानदाराला नमस्कार करून या.

एफ नंबरचं सांगतो कारण इथं नवीन माणूस हमखास फसतो. सगळं शार्प यावं म्हणून लोक एफ १६, एफ २२ करतात. पण छिद्र लहान झालं की प्रकाश कडेला घासून पसरतो, याचं नाव डिफ्रॅक्शन, आणि हे कुठल्याही लेन्सला, कितीही महाग असो, चुकत नाही, भौतिकशास्त्र आहे ते. एफ ८ ला एका बिंदूचा ठिपका साधारण ११ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पडतो, एफ १६ ला साडेएकवीसचा. आणि एकसष्ट मेगापिक्सेलवाल्या फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या, सेन्सरचा एक पिक्सेल असतो पावणेचार मायक्रॉनचा. म्हणजे एफ १६ ला एक ठिपका पाचसहा पिक्सेलवर पसरून बसतो, मग तुम्ही एकसष्टचे पैसे देऊन फोटो जवळपास चोवीसवाल्यासारखाच घरी आणला. फुलफ्रेमवर एफ ८, फार तर एफ ११, छोट्या सेन्सरवर ५.६ ते ८, बास.

मग पुढचं गवत आणि मागचं देऊळ दोन्ही शार्प कसं येणार? दोन-तीन फोटो घ्यायचे, एकात फोकस जवळ, एकात मधे, एकात लांब, आणि सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करायचे. कुठं फोकस केला की कुठून कुठपर्यंत शार्प येईल ते सांगणारे हायपरफोकलचे तक्ते आणि ॲप असतात, त्यात २४ एमएम एफ ८ ला २.४ मीटरवर फोकस केला की सव्वा मीटरपासून अनंतापर्यंत शार्प असं लिहिलेलं असतं, पण तो तक्ता हातात धरायच्या छोट्या प्रिंटसाठी काढलेला आहे. मोठ्या प्रिंटला मी ते अंतर डबल धरतो, म्हणजे जवळपास पाच मीटरवर फोकस, आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर, फोटो पूर्ण मोठा करून डोळ्यानं बघून मॅन्युअल फोकस करतो.

आणि हे सगळं करूनही सोलापुरात एक शत्रू उरतो, ऊन. मार्च ते मे मधे सकाळी नऊ-दहानंतर जमीन अशी तापते की क्षितिजावरची हवा थरथरायला लागते, डांबरी रस्त्यावर पाणी असल्यासारखं दिसतं ना, तेच. १०० किंवा २०० एमएमने लांबचं काही काढलं तर झाडं, मंदिरं, खांब सगळं वितळल्यासारखं येतं आणि लोक लेन्सला शिव्या देतात. याच्यावर लेन्स नाही, फिल्टर नाही, सॉफ्टवेअर नाही. सूर्य उगवायच्या आधी अर्धा तास जागेवर पोचा, सूर्योदयानंतर तासाभरात काम संपवून चहाच्या टपरीवर या. वर्षातला सगळ्यात स्वच्छ काळ म्हणजे पाऊस पडून गेलेली सकाळ, धूळ खाली बसलेली असते, दहा किलोमीटरवरची टेकडी कापून काढल्यासारखी दिसते.

ट्रायपॉडवर मी भाषण देत नाही, फक्त हलका-फुलका सातशे रुपयेवाला घेऊ नका. मधली दांडी वर काढायची नाही, धरणाच्या भिंतीवर किंवा तलावाकाठी वारा असेल तर पाय पसरून खाली बसवायचा, दोन सेकंदांचा टायमर लावायचा, कॅमेऱ्यात आरसा असेल तर मिरर लॉकअप (आरसा आधीच वर उचलून ठेवायचा), आणि ट्रायपॉडवर असताना हाताचं हलणं सावरणारं स्टॅबिलायझेशन बंद. आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, १००, कॅमेऱ्यात ६४ असेल तर ६४. फोटो रॉ मध्येच, म्हणजे सेन्सरवरची सगळी माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्ये. सकाळचं आकाश उजळ आणि घाट काळाकुट्ट असं असेल तर वेगवेगळ्या एक्स्पोजरचे तीन फोटो घेऊन ठेवा, कारण सावली सॉफ्टवेअरमध्ये ओढून उजळ केली की तिच्यातले दाणे मोठ्या प्रिंटवर डागांसारखे दिसतात.

आता खरी गंमत, जिच्यासाठी मी एवढं लिहायला बसलो. कॅमेरा न बदलता मेगापिक्सेल वाढवता येतात. कॅमेरा उभा धरा, ५० एमएम लावा, ट्रायपॉड लेव्हल करा, आणि डावीकडून उजवीकडे पाच फोटो घ्या, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा एक तृतीयांश भाग परत यायला पाहिजे. सॉफ्टवेअरने शिवल्यावर साधारण साडेचौदा हजार बाय सहा हजार पिक्सेलची फाइल येते, कडा कापून चौदा हजार बाय छप्पन्नशे धरा. सहा फूट रुंद छापली तर इंचाला १९४ पिक्सेल आणि उंची जवळपास अडीच फूट. म्हणजे दीड फुटावरून बघितलं तरी फोटो फुटत नाही. फुजीचा १०२ मेगापिक्सेलचा मीडियम फॉरमॅट, म्हणजे फुलफ्रेमपेक्षाही मोठ्या सेन्सरचा, कॅमेरा एका क्लिकमध्ये सहा फुटाला इंचाला १६२ देतो, तुमच्या कपाटातल्या जुन्या डीएसएलआरने त्याला रुंदीत मागे टाकलं की नाही! चार फूट उंची पाहिजे असेल तर दोन ओळींत फोटो घ्यायचे, वरची ओळ आणि खालची ओळ, काम वाढतं पण होतं.

अटी आहेत अर्थात. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स तिन्ही मॅन्युअल, नाहीतर आकाशात पट्टे पडतात. पोलरायझर फिल्टर काढून ठेवा, त्याने आकाश एका बाजूला गडद आणि दुसरीकडे फिकं होतं. जवळ रेलिंग, पायऱ्या, फांदी असं काही असेल तर ते जोडताना तुटतं, कारण कॅमेरा फिरवला की जवळची वस्तू मागच्यापेक्षा जास्त सरकते, त्यासाठी कॅमेरा मागे-पुढे सरकवायची एक पट्टी मिळते, पण सगळ्यात जवळची वस्तूच पंधरा-वीस मीटरवर असेल तर तिची गरज पडत नाही. आणि पाणी. तलावावर वारा असेल तर दोन फोटोंतल्या लाटा जुळत नाहीत, म्हणून परत तेच, पहाटे जा, पाणी आरशासारखं असतं. धबधबा आख्खा एकाच फ्रेममध्ये बसवा, त्याच्या मधोमध जोड देऊ नका.

तरी बॉडी घ्यायचीच असेल, होतं असं, मन मानत नाही, तर सेकंडहँड बाजार सध्या फार छान आहे कारण सगळे मिररलेसकडे, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यांकडे, पळालेत आणि डीएसएलआर विकतायत. २०१४ चा निकॉन डी८१० छत्तीस मेगापिक्सेलचा आहे, २०१५ चा कॅनन ५डीएस आर पन्नासचा, २०१७ चा डी८५० पंचेचाळीसचा, आणि ट्रायपॉडवर उभं राहून तलाव काढायला यातला एकही जुना झालेला नाही. शटर काउंट, म्हणजे कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढलेत तो आकडा, बघा, सेन्सरवर ओरखडा आहे का ते एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून बघा (एफ १६ चा एवढा एक उपयोग). मीडियम फॉरमॅट विकत घ्यायचा विचार फोटो विकून पोट भरणाऱ्यांनी करावा, बाकीच्यांनी एखादा मोठा जॉब आला तर पुण्याहून दोन दिवस भाड्याने आणावा.

आणि एआयने फोटो मोठा करणं? चालतं, गवत, ढग, दगड याला बरं चालतं, मी पण दीडपट-दुप्पट करतो. पण पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी घालायला पण मर्यादा असते, आणि लांबची दुकानाची पाटी किंवा देवळावरची अक्षरं असतील तर सॉफ्टवेअर तिथं स्वतःच्या मनाची भाषा लिहून ठेवतं, ते झूम करून तपासा.

पैसे टाकायच्या आधी एक प्रयोग करा, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे. सहा फुटी फोटोचा एक तुकडा त्याच मापात छापून बघायचा. चोवीस मेगापिक्सेलच्या फाइलमधून साधारण १००० बाय ६६५ पिक्सेलचा तुकडा कापा, ज्यात बारीक तपशील आहे असा, आणि कुठल्याही फोटो लॅबमधून बारा बाय आठ इंचाची प्रिंट काढून आणा. हा तुमच्या सहा फुटी फोटोचा खराखुरा एक भाग झाला. भिंतीवर चिकटवा, जिथून बघणार तिथं उभे राहा, घरच्यांना पण दाखवा. जो कॅमेरा घ्यायचाय त्याच्या नमुना रॉ फाइल नेटवर मिळतात, त्यातूनही रुंदीच्या सहाव्या भागाएवढाच तुकडा कापून, त्याच मापात छापून शेजारी लावा. फरक दिसला तर घ्या, नाही दिसला तर तेवढ्या पैशात लेन्स येते.

छापताना मशीनची रुंदी आधी विचारा. मोठ्या इंकजेट मशीनचे रोल बहुतेक २४, ४४ नाहीतर ६४ इंचाचे असतात, चार फूट म्हणजे ४८ इंच हे ४४ च्या मशीनवर बसतच नाही, तेव्हा साइज साडेपाच बाय साडेतीनच्या आसपास आणलीत तर काम सोपं आणि स्वस्त होतं, भिंतीवर फरक कळत नाही. कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणून बसवायचा असेल तर चारही बाजूंनी दोन-दोन इंच फोटो जास्तीचा लागतो, तो काढतानाच सोडा आणि रोलची रुंदीही तो धरूनच बघा, नाहीतर कळस नेमका मागे दुमडला जातो. कॅनव्हास आणि मॅट पेपर थोडा मऊपणा झाकतात, ग्लॉसी झाकत नाही, उलट खिडकीसमोरची भिंत असेल तर ग्लॉसीवर नि काचेवर फोटोऐवजी खिडकीच दिसते, तिथं मॅट पेपर आणि बिनकाचेची फ्रेम. आणि फाइल प्रिंटरवाल्याला पेन ड्राइव्हवर द्या बाबांनो, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की तिचे चौदा हजार पिक्सेल फारच कमी होतात. पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि छापायच्या आधी त्यांच्या स्क्रीनवर फाइलची रुंदी किती पिक्सेल दिसते ते विचारून घ्या.